रॉबर्टो क्लेमेंटे

बेसबॉल हा खेळ आमच्या गावात कोणी खेळत नाही. तो थोडा क्रिकेटसारखा असतो. पण बॅट दांडक्यासारखी गोल असते आणि चेंडू टप्पा न पडता येतो. या खेळातले थोर खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे यांची माहिती मी लिहीत आहे.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १९३४ रोजी पोर्तो रिको बेटावर कॅरोलिना या गावी झाला. वडील उसाच्या मळ्यात मुकादम होते. हे वाचून मला नवल वाटले, कारण ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम मी पाहिलेला आहे. सात भावंडांत रॉबर्टो सर्वांत धाकटे. शाळेत ते भाला फेकायचे, म्हणून हातात जोर होता.

१९५५ साली ते अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स संघात आले आणि १८ वर्षे त्याच संघात खेळले. मैदानात उजवीकडे लांब उभे राहून चेंडू झेलायचे, हे त्यांचे काम. तिथून ते असा चेंडू फेकायचे की पळणारा बाद! गोल्ड ग्लोव्ह हे बक्षीस त्यांना १२ वेळा मिळाले.

ते काळे होते आणि भाषा स्पॅनिश. सुरुवातीला फ्लोरिडात सरावाला गेले की गोऱ्या खेळाडूंच्या हॉटेलात त्यांना राहू देत नसत. पेपरवाले त्यांचे नाव बदलून बॉब लिहायचे. ते त्यांना आवडत नसे. कोणाला आवडेल?

फटका मारून पळत सुखरूप पहिल्या बेसवर पोचले की एक हिट होते. ३० सप्टेंबर १९७२ ला त्यांची ३००० वी हिट झाली. त्यांच्या नावावर बरोबर तेवढ्याच राहिल्या.

कारण २३ डिसेंबरला निकाराग्वा देशात मॅनाग्वा शहरात मोठा भूकंप झाला. हजारो माणसे मेली. क्लेमेंटे थोड्याच दिवसांपूर्वी तिथे संघ घेऊन गेले होते, ओळखीचे लोक होते. त्यांनी विमानाने मदत पाठवली. पण ती मधलेच लोक लाटतात असे कळले. मग ३१ डिसेंबरला रात्री ते स्वतःच निघाले. विमान जुने होते आणि सामान फार भरलेले. ते लगेच समुद्रात पडले. क्लेमेंटे ३८ वर्षांचे होते. घरी बायको आणि तीन लहान मुलगे होते.

मला वाटते, त्यांनी दुसरे विमान बघायला पाहिजे होते. पण घाई होती.

त्यांचे शरीर सापडलेच नाही. संघातला मित्र मॅनी सँगियेन हा प्रार्थनेला गेला नाही. तो समुद्रात बुड्या मारून त्यांना शोधत होता.