तिकोनी काडी आणि फादर ब्लॅटर

शुक्रवार पेठेत एखाद्या नळाजवळच्या ओलीत लव्हाळा उगवलेला दिसला, तर त्याची काडी बोटांत फिरवून बघा. गोल नाही, तिकोनी लागते ना? म्हणजे हे गवत नव्हेच! हा नागरमोथा. शेतकऱ्याला नकोसा, वैद्याला हवासा आणि कुळानं गवतापेक्षा वेगळा.

आपलं सोलापूर ज्या मुंबई इलाख्यात होतं, तिथल्या या कुळाची नव्यानं मांडणी केली एथेलबर्ट ब्लॅटर यांनी. जन्म १८७७ चा, स्वित्झर्लंडमधला. हे जेझुइट पाद्री मुंबईत आले, सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले, पुढे प्राचार्यही झाले.

काम मोठं किचकट. फुलं इतकी बारीक, की भिंगाशिवाय कळत नाहीत. फळ चपटं की तिकोनी, फुलातल्या कुक्षीला फाटे दोन की तीन, यावरून सोयरीक ठरवायची! सहकारी चार्ल्स मॅकॅन यांच्यासोबतची ही मांडणी १९३४ मध्ये छापून येऊ लागली आणि त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात ब्लॅटर गेले. दोघांचं गवतांवरचं पुस्तक १९३५ मध्ये आलं. ते बघायला ब्लॅटर नव्हते.

आज डीएनए सांगतो, की तेव्हा वेगळी मानलेली किलिंगा आणि पायक्रिअस ही घराणी नागरमोथ्याच्या सायपरसमधलीच आहेत. मग ब्लॅटर यांची मेहनत वाया गेली? मुळीच नाही. नाती पुन्हा तपासायला जपून वाळवलेले नमुने लागतात. तसे नमुने झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये आजही आहेत.

आता भिंग घ्या आणि नागरमोथ्याच्या फुलातले फाटे मोजा. तीन भरतील!