पिंपल पॅचची आजी: स्टोमा नर्सिंग उभं करणाऱ्या नॉर्मा गिल

करावे गावातलं मेडिकल असो की शॉपिंग अ‍ॅप, पिंपल पॅच आता कुठेही मिळतो. तो बहुतेक वेळा हायड्रोकोलॉइडचा असतो. पण पिंपलच्या कितीतरी आधी हे मटेरियल स्टोमाभोवती चिकटवलं जायचं. स्टोमा म्हणजे ऑपरेशन करून पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड. तिथून मल पिशवीत जमा होतो.

या पेशंटची देखभाल हे एक वेगळं शास्त्र झालं, त्यात सर्वात मोठा वाटा नॉर्मा गिल यांचा. त्या अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरातल्या. ना डॉक्टर, ना नर्स. अल्सरेटिव्ह कोलायटिसने बेजार झाल्या होत्या. १९५४ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकचे सर्जन रुपर्ट टर्नबुल यांनी त्यांची इलिओस्टोमी केली. जीव वाचला, पण त्या काळी खरा त्रास घरी गेल्यावर सुरू व्हायचा. लहान आतड्यातल्या पातळ मलात पाचक रस असतात, ते कातडी अक्षरशः जाळतात. त्यात पिशवी गळकी असेल तर माणूस घराबाहेरच पडत नसे.

टर्नबुल यांनी उपाय शोधला कराया गोंदाचा. (करावेशी नावापुरतंच साम्य!) हा गोंद आपल्याच कहांडोळ झाडाचा. पांढऱ्या खोडाचं हे झाड सातपुड्यात दिसतं. गोंद भारतातूनच परदेशी जायचा. ओल्या कातडीलाही तो धरून राहतो, म्हणून पिशवीखाली त्याची रिंग बसवू लागले.

बऱ्या झाल्यावर नॉर्मा इतर पेशंटना मदत करू लागल्या. १९५८ मध्ये टर्नबुल यांनी त्यांना क्लिनिकमध्येच कामावर घेतलं आणि १९६१ मध्ये दोघांनी हे शिकवणारी पहिली शाळा काढली.

या विषयातली मुख्य गोष्ट आजही तीच: टाक्यांची जखम वेगळी, स्टोमा वेगळा. स्टोमावर कापसाचं गॉज बांधलं तर मल कातडीलाच चिकटून राहतो. म्हणून तिथे हायड्रोकोलॉइडची चकती आणि पिशवी. चकतीचं भोक स्टोमापेक्षा साधारण २-३ मिलिमीटर मोठं; जास्त मोठं ठेवलं तर कातडी उघडी पडते. शेजारची टाक्यांची जखम कोरडी असेल तर वॉटरप्रूफ फिल्म, पाणी जास्त येत असेल तर फोम किंवा अल्जिनेट. सुरुवातीला पिशवी पारदर्शक हवी, कारण स्टोमाचा रंग दिसायला हवा. लाल आणि ओलसर असेल तर ठीक, काळपट दिसला तर लगेच डॉक्टरांना सांगायचं.

करायाची अडचण एकच, तो विरघळतो. म्हणून १९७० च्या दशकात हायड्रोकोलॉइड आलं आणि पुढे ते साध्या जखमांवरही वापरात आलं. मात्र इन्फेक्शन झालेल्या जखमेवर ते आपल्या मनाने लावू नका.

१९७८ मध्ये मिलानला या क्षेत्राची जागतिक संघटना स्थापन झाली. नॉर्मा तिच्या पहिल्या अध्यक्ष. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं. तोवर या कामासाठी नर्स असणं सक्तीचं झालं होतं, म्हणजे त्या नियमाने खुद्द नॉर्मांनाही प्रवेश मिळाला नसता.