मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके

वाचकहो, चांदा जिल्ह्याच्या व आताच्या गडचिरोलीच्या रानांत राहणाऱ्या लोकांस बाबूराव शेडमाके यांचे नाव ठाऊक नाही असे क्वचितच घडेल. तथापि त्यांच्या फाशीची हकिगत जितकी सांगितली जाते, तितकी त्यांच्या वतनाची सांगितली जात नाही. ते मेल्यावर त्यांच्या वडिलार्जित भूमीचे काय झाले, हेही आपण जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते.

बाबूरावांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजी राजगोंड घराण्यात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव पुल्लेसूरबापू व मातुःश्रींचे जुर्जाकुंवर. अहेरीकडील मोलमपल्लीची जमीनदारी या घराण्याकडे होती व तीत २४ गावे मोडत. या मुलखातील जमीनदारी म्हणजे केवळ शेतजमीन नव्हे. रान, तळी, घाट व रयत यांचा सांभाळ जमीनदाराने करावा, वरच्या सत्तेस टाकोळी म्हणून ठरावीक रक्कम भरावी आणि बाकी कारभार आपल्या रीतीने चालवावा, अशी ती व्यवस्था होती. तिचे भावाभावांत वाटे पडत नसत. सामान्यतः ती वडील मुलाकडे जाई. गोंड राजे गेले, नागपूरकर भोसले आले, तरी रानातली ही रीत पुष्कळ अंशी तशीच चालू राहिली.

पुढे डिसेंबर १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघूजी भोसले औरस पुत्रावाचून वारले. लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा हक्क मान्य केला नाही आणि १८५४ साली राज्य खालसा केले. त्याच वर्षाच्या अखेरीस चांद्यास इंग्रज अंमलदार येऊन बसला. खुद्द राजाचा वारसा जेथे एका हुकुमाने बुडाला, तेथे २४ गावांच्या धन्यास आपला वारसा निर्भय कसा वाटावा? बाबूरावांच्या मनातील असंतोषाचे मूळ येथेच शोधावे लागते.

१८५७ साली उत्तर हिंदुस्थानात बंड उठले. बाबूरावांनी गोंड व रोहिले मिळून सुमारे ५०० माणसे जमविली आणि मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा हस्तगत केला. चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनी त्यांच्यावर फौज धाडली. परंतु १३ मार्च रोजी नांदगाव घोसरी येथे तिचा पराभव झाला. अडपल्ली व घोट येथील जमीनदार व्यंकटराव हेही बाबूरावांस येऊन मिळाले. ज्या रानात वाट दाखविणाराही गोंडच, तेथे परक्या शिपायांचे फारसे चालेना.

२९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला. त्यात गार्टलंड व हॉल हे दोघे मारले गेले. पीटर नावाचा तिसरा निसटला. हे लोक तारेचे काम करणारे होते, लढण्यास आलेले नव्हते. बाबूरावांचा गौरव करताना हा प्रसंग गाळणे आम्हांस योग्य वाटत नाही. मनुष्याचे चरित्र सांगावे तर पुरते सांगावे.

शस्त्राने जे झाले नाही, ते क्रिक्टन यांनी दुसऱ्या वाटेने साधले. अहेरीच्या जमीनदार लक्ष्मीबाई यांच्यावर त्यांनी दडपण आणले. अहेरी ही चांद्यातील सर्वांत मोठी जमीनदारी होती. बंडखोरांस आश्रय दिल्याचा ठपका आला असता, तर तीही बुडाली असती. बाईंच्या लोकांनी बाबूरावांस भोपाळपट्टणच्या बाजूस धरले, तेव्हा ते निसटले. परंतु सप्टेंबरात ते पुन्हा सापडले व इंग्रजांच्या हवाली केले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांस फाशी देण्यात आले. त्यांचे वय अवघे २५ वर्षांचे होते. व्यंकटराव बस्तरात पळाले. तेही १८६० साली पकडले जाऊन जन्मठेपेस गेले.

आता भूमीचे ऐका. बंडखोरांची वतने सरकारने जप्त केली. अडपल्ली व घोट मिळून ६७ गावांची जमीनदारी लक्ष्मीबाईंस बक्षीस मिळाली. एका घराने वतन राखण्यासाठी प्राण दिला, दुसऱ्या घराने वतन राखण्यासाठी त्यास धरून दिले. बाईंस दोष देणे सोपे आहे. पण आपले गाव जाईल या भयाने मनुष्य काय करतो हे खेड्यात राहणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

असो. ते बक्षीसही चिरकाल टिकले नाही. मध्य प्रांताच्या १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून जमीनदाऱ्या संपल्या व रानांचे धनीपण सरकारकडे गेले. रानावर ग्रामसभेचा हक्क मानणारा वनहक्क कायदा होण्यास २००६ साल उजाडावे लागले. त्याअन्वये २००९ साली गडचिरोलीतील मेंढा या गावास सुमारे १,८०० हेक्टर रानाचा सामूहिक हक्क मिळाला. बाबूरावांच्या काळी वारसा एका घराचा होता. मेंढ्याचा हक्क साऱ्या गावाचा आहे. तो कोणा एकास बक्षीस देता येत नाही आणि कोणा एकाच्या अपराधासाठी जप्तही होत नाही. ज्या गावांनी आपल्या हक्काचा दावा अद्याप केलेला नाही, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.