दोरीचा फास आणि रोजची तार

वर्तमानपत्र हातात आले की आधी अग्रलेख वाचणारे काही असतात आणि आधी कोपऱ्यातली छोटी चौकट शोधणारे काही असतात. मी दुसऱ्या पंथातला. चार-सहा वाक्यांत कुणीतरी कालच्या बातमीला चिमटा काढलेला असतो आणि तेवढ्याने सकाळचा चहा गोड लागतो. असली आवड असली की विल रॉजर्स हे नाव कधी ना कधी समोर येतेच. १९२६ ते १९३५ या नऊ वर्षांत अमेरिकेतल्या शेकडो वर्तमानपत्रांत त्याचा मजकूर रोज छापून येई. जिथे असेल तिथे मांडीवर छोटा टाइपरायटर घ्यायचा, पाच-सात वाक्ये बडवायची आणि ती तारेने रवाना करायची, असा त्याचा रिवाज होता. वॉशिंग्टनमधले राजकारण, नवी विमाने, मोटारी, हॉलिवूड, गव्हाचे भाव, कशाचेही त्याला वावडे नव्हते. त्याच्या वाचकांचा आकडा त्या काळी ४ कोटींपर्यंत धरला जाई.

मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचे. ज्यांची तो रोज टर उडवी तेच अध्यक्ष, सिनेटर आणि कारखानदार त्याला मानाने जेवायला बोलावीत; १९२६ साली तर तो अध्यक्ष कूलिज यांचा पाहुणा म्हणून व्हाइट हाउसमध्ये मुक्कामाला होता. त्याला खुशमस्कऱ्या म्हणावे तर बेकारी आणि उपासमारीवर त्याने सत्ताधाऱ्यांना पुरेसे अवघड वाटेल असे लिहिले आणि बोललेही. मग थट्टेचा हा परवाना त्याला दिला कुणी?

उत्तरासाठी त्याच्या जन्मगावाकडे जायला हवे. विलचा जन्म ४ नोव्हेंबर १८७९ चा, आजच्या ओक्लाहोमा राज्यातल्या उलोगा गावाजवळचा. तेव्हा तो मुलूख इंडियन टेरिटरी म्हणून ओळखला जाई. आई आणि वडील दोघांच्याही अंगात चेरोकी रक्त होते. आग्नेय अमेरिकेतल्या आपल्या जमिनींवरून चेरोकींना १८३८-३९ साली लष्कराच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे हाकलण्यात आले आणि वाटेत हजारो माणसे दगावली. ज्या अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या धोरणातून हे घडले, त्यांच्याविषयीची अढी विलच्या मनातून कधीच गेली नाही. वडील क्लेम रॉजर्स हे मोठे पशुपालक, चेरोकींच्या सिनेटचे सदस्य. ओक्लाहोमा १९०७ साली राज्य झाले, तेव्हा त्याची घटना लिहिणाऱ्यांतही ते होते. म्हणजे हा मुलगा सुखवस्तू घरातला होता आणि पराभूत लोकांतलाही होता. सत्तेकडे एकाच वेळी आतून आणि बाहेरून पाहायची दृष्टी त्याला घरातच मिळाली, असे मला वाटते.

दहा वर्षांचा असताना आई गेली. शाळेत त्याचे मन रमले नाही. रमले ते दोरीत. गुरांच्या गळ्यात लांबून फास टाकायची विद्या त्याला पूर्वी गुलाम असलेल्या एका काळ्या गुराख्याने शिकवली. त्या दोरीने त्याला जग दाखवले. १९०२ साली तो अर्जेंटिनाला गेला, तिथून दक्षिण आफ्रिकेत. तिथे एका फिरत्या सर्कशीत ‘चेरोकी किड’ या नावाने दोरीचे खेळ करू लागला. पुढे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि १९०४ साली परत घर. १९०५ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एक बैल उधळून प्रेक्षकांत घुसला. विलने फास टाकून त्याला आवरले आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्याचे नाव झळकले.

त्यानंतर रंगमंचावरचे विविधरंगी कार्यक्रम आले. सुरुवातीला तो तोंडातून शब्द काढत नसे. एकदा एक खेळ समजावून सांगायला म्हणून तो आपल्या रेंगाळत्या गावठी उच्चारात दोन वाक्ये बोलला आणि लोक खो खो हसले. त्याला राग आला. आपल्याला हसतात, असे त्याला वाटले. हे हसू म्हणजेच खरी कमाई आहे, हे सहकाऱ्यांनी त्याच्या गळी उतरवले. १९१५ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या झीगफेल्डच्या मध्यरात्रीच्या खेळात तो काम करू लागला, तेव्हा नवीच अडचण उभी राहिली. तेच तेच श्रीमंत प्रेक्षक पुन्हा पुन्हा येत, त्यामुळे कालचा विनोद आज चालेना. रोजच्या पेपरात वाचतोस त्यावरच का बोलत नाहीस, असे बायकोने, बेटीने, सुचवले. एका संसारी बाईच्या या व्यवहारी सल्ल्यातून अमेरिकेतला सर्वांत लोकप्रिय राजकीय टीकाकार घडला!

१९१६ साली बाल्टिमोरच्या एका प्रयोगाला अध्यक्ष वुड्रो विल्सन प्रेक्षकांत बसले होते. देशाच्या प्रमुखाची त्याच्या तोंडावर टिंगल करायची वेळ आलेली. विल कमालीचा घाबरला होता. पण त्याने सरकारच्या युद्धतयारीवर विनोद केले आणि सर्वांत मोठ्याने हसले ते विल्सनच. परवान्यावर पहिली सही झाली ती तिथे.

या हसऱ्या माणसाच्या वाट्याला दुःखे कमी आली नाहीत. १९१९ साली सिनेमासाठी कुटुंब कॅलिफोर्नियाला गेले आणि पुढच्याच वर्षी धाकटा मुलगा फ्रेड घटसर्पाने दगावला. तो दोन वर्षांचाही नव्हता. पाठोपाठ स्वतः काढलेल्या मूकपटांत विलचे पैसे बुडाले आणि कर्ज फेडण्यासाठी त्याला पुन्हा न्यूयॉर्कचा रंगमंच गाठावा लागला. त्याच ओढग्रस्तीत, १९२२ च्या अखेरीस, त्याने साप्ताहिक सदर लिहायला घेतले. रोजची तार सुरू झाली ती चार वर्षांनी, लंडनहून.

त्याच सुमारास घरोघरी रेडिओ येत होता. ४ जानेवारी १९२८ रोजी देशभरातल्या केंद्रांना जोडून एक मोठा कार्यक्रम प्रसारित झाला. विल बोलत होता बेव्हर्ली हिल्सच्या आपल्या घरातून. बोलता बोलता त्याने अध्यक्ष कूलिज यांच्या नाकातल्या, कोरड्या आवाजाची हुबेहूब नक्कल केली. गंमत गंमत म्हणता पुष्कळांना ते खुद्द अध्यक्षच वाटले. रंगमंचावर नक्कल करणारा समोर दिसतो. रेडिओवर फक्त आवाज असतो, ही गोष्ट करमणूक करणाऱ्यांच्या अजून पुरती ध्यानात आली नव्हती. विलने पत्र पाठवून क्षमा मागितली. कूलिज यांनीही उलट टपाली, मनाला लावून घेऊ नका, असे कळवले. आज संगणकाने कुणाचाही आवाज आणि चेहरा तयार करता येतो. त्याविषयी वाचताना मला हा प्रसंग आठवतो. यंत्र बदलले, फसगत तीच आहे. फरक एवढाच, की विल रॉजर्सच्या बाबतीत नक्कल कुणी केली ते सगळ्यांना ठाऊक होते आणि तो स्वतः जबाबदारी घेऊन पुढे आला.

त्याच वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक होती. ‘लाइफ’ या तेव्हाच्या विनोदी साप्ताहिकातर्फे तो लुटुपुटीचा उमेदवार म्हणून उभा राहिला. त्याच्या पक्षाचे धोरण थापाबाजीला विरोध एवढेच होते. निवडून आलो तर राजीनामा देईन, हे त्याचे एकमेव आश्वासन. निवडणुकीनंतर त्याने स्वतःला विजयी घोषित केले आणि वचनाप्रमाणे राजीनामा दिला. दिलेले आश्वासन शंभर टक्के पाळणारा असा उमेदवार मिळणे कठीणच.

पुढच्या वर्षी शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. १९३१ साली दुष्काळी आर्कान्सा, ओक्लाहोमा आणि टेक्ससमध्ये विमानाने गावोगाव फिरून त्याने मदतनिधीसाठी खेळ केले. त्याच ऑक्टोबरात बेकारांच्या मदतीसाठी अध्यक्ष हूवर यांच्या बरोबरीने तो रेडिओवर बोलला. कोठारे धान्याने भरलेली असताना माणसे उपाशी का, हा त्याच्या भाषणाचा गाभा होता. हसवणारा माणूस गंभीरपणे बोलला, म्हणून लोकांनी ते ऐकले.

पण त्याचा तोल नेहमीच राहिला, असे म्हणता येणार नाही. १९२६ साली मुसोलिनीला भेटून आल्यावर त्याने कौतुकाने लिहिले. जानेवारी १९३४ मध्ये रेडिओवर एका गाण्याविषयी बोलताना त्याने काळ्या लोकांसाठीचा अपमानकारक शब्द एकदा नव्हे, अनेकदा वापरला. काळ्यांच्या वर्तमानपत्रांनी आणि संघटनांनी जोरदार निषेध केला. त्याचे नंतरचे स्पष्टीकरणही गुळमुळीत होते. ज्याने त्याला दोरी धरायला शिकवले तो माणूस काळाच होता, हे आठवले की ही चूक मला अधिकच बोचते. अध्यक्षाच्या आवाजाची नक्कल केल्यावर त्याला तातडीने पत्र लिहावेसे वाटले. इथे तशी तत्परता दिसली नाही. मोठ्या माणसांना सांभाळून घेणारा विनोद छोट्या माणसांना तितकाच सांभाळून घेतो का, ही त्याची खरी कसोटी होती. त्या कसोटीला विल त्या दिवशी उतरला नाही. त्याचे मोठेपण मान्य करताना हे झाकून ठेवू नये.

तोवर बोलपटांनीही त्याला उचलून धरले होते. १९३४ साली तिकीटबारीवरचा अमेरिकेतला पहिल्या क्रमांकाचा नट तोच होता. रेडिओवर बोलताना वेळेचे भान राहत नाही म्हणून तो गजराचे घड्याळ घेऊन बसे. ते वाजले की वाक्य अर्धे टाकून थांबे. सगळ्यात वेड होते ते विमानाचे. सामान्य माणूस विमानात बसायला घाबरत होता, त्या काळात १९२७ साली त्याने टपालाच्या विमानांतून देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत प्रवास केला. विमानप्रवास सुरक्षित आहे, हे तो आपल्या लेखनातून सतत सांगत राहिला.

त्याच विमानाने त्याला नेले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला वैमानिक, एका डोळ्याने अधू असलेला विली पोस्ट, १९३५ च्या उन्हाळ्यात दोन वेगवेगळ्या विमानांचे भाग जोडून बनवलेले यान घेऊन अलास्काला निघाला. विल सोबत होता. टाइपरायटरही होता. १५ ऑगस्ट १९३५ रोजी धुक्यात वाट चुकून ते पॉइंट बॅरोजवळच्या एका खाजणात उतरले, तिथल्या शिकाऱ्यांना रस्ता विचारला आणि पुन्हा उडाले. क्षणात इंजिन बंद पडले. पुढच्या बाजूला जड असलेले ते विमान नाकावर कोसळले. शिकाऱ्यांपैकी एक जण कित्येक मैल पळत जाऊन बॅरोला बातमी घेऊन गेला. विल ५५ वर्षांचा होता. त्याचे अखेरचे बोलपट त्याच्या मृत्यूनंतर झळकले.

१९३९ साली वॉशिंग्टनच्या संसद भवनात ओक्लाहोमाच्या वतीने त्याचा पुतळा उभा राहिला. त्याचे तोंड प्रतिनिधिगृहाच्या दिशेने आहे. तीनच वर्षांनी त्याचा थोरला मुलगा त्याच सभागृहात निवडून आला. विलने आयुष्यभर ज्यांची टिंगल केली, त्यांच्यातच घरातला एक माणूस जाऊन बसला. यावर त्याने दुसऱ्या दिवशीच्या तारेत काय लिहिले असते, ते वाचायला मला फार आवडले असते.