श्रद्धा आणि शंकेचा कादंबरीकार

थोर रशियन कादंबरीकार फ्योदोर दोस्तोयेव्हस्की यांचा जन्म १८२१ साली मॉस्कोतील गरिबांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरच्या घरी झाला. १८४९ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना मृत्युदंड फर्मावण्यात आला. गोळ्या झाडण्याच्या काही क्षण आधी शिक्षा बदलली आणि त्यांची रवानगी सायबेरियात झाली. वाटेत तोबोल्स्क येथे, तेथे हद्दपारी भोगणाऱ्या जुन्या बंडखोरांच्या पत्नींनी त्यांना बायबलचा ‘नवा करार’ भेट दिला. ओम्स्कच्या तुरुंगातील चार वर्षे तोच ग्रंथ त्यांचा सोबती होता.

मे १८७८ मध्ये त्यांचा धाकटा मुलगा अल्योशा अपस्माराने दगावला. त्याला तीन वर्षेही पुरी झाली नव्हती. आणि अपस्मार हा पित्याचाच आजार होता. शोकाकुल दोस्तोयेव्हस्की ऑप्टिना मठात गेले, तेथील वृद्ध साधू अम्ब्रोज यांना भेटले.

‘द ब्रदर्स कारामाझोव्ह’ (१८७९-८०) या अखेरच्या कादंबरीत त्यांनी नायकाला अल्योशा हेच नाव दिले. तिच्यात लहान लेकरू गमावलेली माता मठातील साधूकडे सांत्वनासाठी येते. तर नायकाचा भाऊ इव्हान निरपराध बालकांच्या यातनांचा जाब ईश्वरालाच विचारतो. सांत्वनाची ती आस आणि तो जळजळीत प्रश्न, दोन्ही एकाच पुत्रवियोगी पित्याच्या अंतःकरणातून आले होते. १८८१ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे त्यांचे निधन झाले.