लुईस यांचे काही थेंब

जड पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अणुभट्टी उभी राहते. रायगड जिल्ह्यात थळ येथे १९८७ पासून त्याचे उत्पादन होते, तेही मुख्यतः अणुभट्ट्यांसाठीच. परंतु हे पाणी प्रथम शुद्ध स्वरूपात हाती आले, तेव्हा अणुभट्टीचा जन्मही झालेला नव्हता. ते मिळविणाऱ्या गिल्बर्ट न्यूटन लुईस यांच्या मनात प्रश्न होता तो सजीवांचा.

१८७५ साली अमेरिकेत जन्मलेले लुईस १९१२ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक करून अणू परस्परांशी बांधले जातात, हे त्यांनी १९१६ साली मांडलेले तत्त्व आज शाळेतील मुलेही शिकतात. त्यांचे शिष्य हॅरल्ड युरी यांनी १९३१ च्या अखेरीस हायड्रोजनचा दुप्पट वजनाचा भाऊबंद, ड्यूटेरियम, शोधून काढला. साध्या पाण्यात हायड्रोजनच्या सुमारे साडेसहा हजार अणूंमागे त्याचा एखादाच अणू असतो. विजेच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करीत करीत लुईस यांनी १९३३ साली जवळजवळ शुद्ध जड पाणी वेगळे केले.

हाताशी होता तो अत्यल्प साठा. त्यातील काही थेंबांत त्यांनी तंबाखूचे बी घातले. साध्या पाण्यात सहज रुजणारे बी त्यात रुजेना. पुढे त्यांनी त्या दुर्मिळ पाण्याचा काही भाग चक्क एका उंदराला पाजला. उंदीर नशा चढल्यासारखा वागू लागला, त्याची तहान वाढत गेली. पण तो जगला. एका उंदरावरून सिद्धान्त होत नाही, हे खरे. तथापि प्रश्न योग्य जागी विचारला गेला होता.

त्याचे उत्तर पुढील पिढ्यांनी दिले. जड पाणी किरणोत्सर्गी नाही. नेहमीच्या अर्थाने विषही नाही. परंतु ड्यूटेरियमचा बंध तोडण्यास अधिक ऊर्जा लागते, म्हणून पेशीतील अनेक क्रिया मंदावतात. डीएनएचे दोन धागे हायड्रोजन-बंधांनी जोडलेले असतात. या बंधाची कल्पना १९२० साली लुईस यांच्याच विभागातील लॅटिमर व रोडबुश यांनी मांडली होती. त्या बंधांतही ड्यूटेरियम शिरकाव करतो. आनुवंशिक मजकूर त्यामुळे बदलत नाही. अडखळते ते मुख्यतः पेशीविभाजन. सस्तन प्राण्याच्या शरीरातील एक तृतीयांशाहून अधिक पाणी जड झाले, की जीव धोक्यात येतो. काही शेवाळे व जीवाणू मात्र हळूहळू सवय करून जवळजवळ शुद्ध जड पाण्यातही वाढतात. जीवन केवळ घटकद्रव्यांवर नव्हे, तर त्यांच्या गतीच्या मेळावरही उभे आहे, हा यातला बोध.

१९३४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक शिष्याला, युरी यांना मिळाले. गुरूला ते कधीच मिळाले नाही. २३ मार्च १९४६ रोजी प्रयोगशाळेत काम करीत असतानाच लुईस यांचे निधन झाले.

उत्तर आधीच ठाऊक असलेले प्रयोग वहीत उतरवून काढणे, हीच आपल्याकडे विज्ञानशिक्षणाची रीत होऊन बसली आहे. त्यासाठी उपकरणांच्या अभावाला दोष देणे सोपे असते. लुईस यांच्यापाशी तरी काय होते? काही थेंब, थोडे बी आणि एक उंदीर. उत्तर मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.