डॉ. यशवंत जोतीराव फुले

थोर समाजसुधारकांची चरित्रे आपण आदराने वाचतो. परंतु त्यांच्या घरात वाढलेल्या मुलांच्या वाट्याला काय आले, याचा विचार क्वचितच केला जातो. महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांचे जीवन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

एकोणिसाव्या शतकात उच्चवर्णीय समाजात विधवेला पुनर्विवाहाची मुभा नव्हती. एखादी विधवा गरोदर राहिली, तर लोकनिंदेच्या भयाने ती आत्महत्या करी किंवा जन्मलेल्या बालकाचा जीव घेई. अशा स्त्रियांना गुप्तपणे बाळंत होता यावे, म्हणून जोतीरावांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तेथे आलेल्या स्त्रियांची व बालकांची देखभाल सावित्रीबाई मायेने करीत. याच ठिकाणी १८७४ च्या सुमारास काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला मुलगा झाला. फुले दांपत्याला अपत्य नव्हते. त्यांनी या मुलाला दत्तक घेतले आणि त्याचे नाव यशवंत ठेवले.

यशवंत ज्या घरात वाढला, ते घर इतरांसारखे नव्हते. या घरातील पाण्याचा हौद १८६८ मध्येच अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला झाला होता. घरी सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांची ये-जा असे. समतेचे धडे त्याला केवळ ऐकावे लागले नाहीत. ते त्याला रोज पाहायला मिळाले. मात्र घराबाहेर लोक त्याच्या जन्माकडे बोट दाखवीत. आईवडिलांच्या कार्याची किंमत अशी त्यालाही मोजावी लागली.

१८८७ मध्ये जोतीरावांनी मृत्युपत्र करून यशवंताला वारस नेमले. मात्र तो नालायक निघाल्यास बहुजन समाजातील एखाद्या गुणी मुलाला तो हक्क द्यावा, अशी तरतूदही त्यांनी केली. वारसा रक्ताने नव्हे, गुणांनी मिळवायचा असतो, हे तत्त्व त्यांनी स्वतःच्या मुलालाही लागू केले.

विधवेचा मुलगा म्हणून यशवंताला मुलगी देण्यास कोणी सहजासहजी तयार होईना. अखेर जोतीरावांचे सहकारी ग्यानोबा सासणे यांनी आपली कन्या राधा त्याला दिली. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी हा विवाह सत्यशोधक पद्धतीने, भटजींवाचून पार पडला.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. त्या शोकाच्या घडीलाही यशवंताच्या जन्माचा प्रश्न उभा राहिला. अंत्ययात्रेत टिटवे, म्हणजे प्रेतापुढे न्यायचे मडके, धरण्याच्या त्याच्या अधिकाराला नातलगांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी ते टिटवे स्वतः हाती घेतले आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालू लागल्या. त्या काळी स्त्रीने असे करणे ही अपूर्व गोष्ट होती.

पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर जोतीरावांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिले होते. तो ग्रंथ यशवंताने १८९१ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे वैद्यकीय शिक्षण घेऊन तो डॉक्टर झाला व लष्करात नोकरीस लागला. १८९५ मध्ये त्याच्या पत्नीचे निधन झाले.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले. रोगाच्या धास्तीने लोक घरे सोडून जात होते. अशा वेळी सावित्रीबाईंनी डॉ. यशवंतरावांना बोलावून घेतले. हडपसरजवळ सासणे यांच्या माळावर त्यांनी रुग्णांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई रुग्णांना तेथे आणीत आणि यशवंतराव उपचार करीत. मुंढवा येथील एका दलित कुटुंबातील आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

मातेच्या मृत्यूनंतरही यशवंतरावांनी रुग्णसेवेचा मार्ग सोडला नाही. काही वर्षांनी पुण्यात प्लेगची साथ पुन्हा आली. त्या वेळी रुग्णांची सेवा करताना त्यांनाही मृत्यूने गाठले. तेव्हा त्यांनी वयाची पस्तिशीही ओलांडली नव्हती.

ज्या बालकाला जन्मतःच समाजाने नाकारले असते, त्यानेच मोठेपणी त्या समाजाच्या सेवेत प्राण वेचले. जोतीरावांच्या मृत्युपत्रातील कसोटीला त्यांचा पुत्र पूर्णपणे उतरला होता.